गोठलेल्या बटाट्याची जुनी कथा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा अपघात घडला. पाहुणे यावयाचे म्हणून सूनबाईंनीं दोन किलो बटाटे आदल्या आठवड्यांतच सोलून, चिरून, कच्चेच फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यांत ठेवले होते. ऐन वेळीं बाहेर काढून पाहतात, तों फोडी काळवंडलेल्या, पाणी सुटलेलें, आणि बोटांत धरावें तर ओल्या बोळ्यासारख्या लिबलिबीत! सूनबाई खिन्न झाल्या. मला मात्र पेरू देशाचा इतिहास आठवला. निवृत्त शिक्षकाची ही खोड घरच्यांच्या अंगवळणीं पडली आहे. आज ती श्रोत्यांनींही सोसावी.

प्रथम त्या फोडींविषयीं. बटाट्यांत सुमारें चार पंचमांश पाणीच असतें. तें सावकाश गोठलें म्हणजे बर्फाचे मोठाले स्फटिक बनतात व पेशींच्या भिंती फोडून टाकतात. बर्फ वितळतांच पाणी वाहून जातें आणि मागें चोथा उरतो. काळेपणा येतो तो बटाट्यांतीलच एका पाचक द्रव्यासारख्या पदार्थामुळें. हवा लागली कीं त्याचें काम सुरू होतें. म्हणून फोडी आधीं उकळत्या पाण्यांत तीन-चार मिनिटें बुडवाव्या, लगेच गार पाण्यांत टाकाव्या, फडक्यावर कोरड्या कराव्या, आणि मग पसरून, शून्याखालीं १८ अंशांवर गोठवाव्या. एवढें केलें असतें तर पाहुण्यांस उपाशीं रहावें लागलें नसतें. (ते राहिले नाहींत, पिठलें झालें.)

परंतु ज्यास आपण बिघाड म्हणतों, त्याच बिघाडावर दक्षिण अमेरिकेंतील एका समाजानें आपला निर्वाह उभारला होता. पेरू आणि बोलिव्हिया यांच्या सीमेवर टिटिकाका नांवाचें विस्तीर्ण सरोवर आहे. त्याची उंची सुमारें १२,५०० फूट, म्हणजे आमच्या कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. बटाट्याची लागवड मानवानें प्रथम याच प्रदेशांत, कित्येक हजार वर्षांपूर्वीं केली. तेथें मका नीट पिकत नाहीं, कधीं गारपीट, कधीं अवर्षण. आणि ताजा बटाटा तर वर्षभरही टिकत नाहीं. मग दुष्काळांत खावें काय?

उत्तर त्या लोकांनीं थंडीकडूनच मिळविलें. जून-जुलै हे तिकडील हिवाळ्याचे महिने. रात्रीं कडाक्याचें हिंव, दिवसा निरभ्र ऊन. लहान बटाटे माळावर पसरून ठेवतात. ते रात्रीं गोठतात, दिवसा वितळतात. असें कांहीं दिवस झालें म्हणजे बायकापुरुष अनवाण्या पायांनीं ते तुडवितात. पाणी निथळतें, साल सुटतें. मग उन्हांत वाळविले कीं झाला काळा 'चुन्यो'. पांढरा हवा असल्यास गोठलेले बटाटे उन्हापासून जपून कित्येक आठवडे वाहत्या पाण्यांत ठेवावे लागतात. त्यास 'तुंता' म्हणतात. उंचावर तग धरणाऱ्या कांहीं जाती कडू व विषारी असतात. त्यांचा कडवटपणाही या धुण्यानें जातो. पांच किलो बटाट्यांचा सुमारें एक किलो चुन्यो होतो, आणि तो दहा-दहा वर्षें टिकतो. उन्हाळ्यांत गच्चीवर बटाट्याचा कीस वाळविणाऱ्या आपल्या गृहिणींस यांतील अर्धी विद्या ठाऊकच आहे. उरलेली अर्धी मुंबईच्या हवेंत साधणें नाहीं!

इंका राजांनीं या हलक्या, टिकाऊ अन्नाचें महत्त्व ओळखलें. त्यांच्या राज्यांत नाणें नव्हतें. कर श्रमांच्या रूपानें घेत. डोंगरउतारांवर, गार वारा खेळेल अशा जागीं, दगडी कोठारांच्या रांगा असत. एकट्या वानुको पाम्पा येथें सुमारें पांचशे कोठारांचे अवशेष आहेत. त्यांतून सैन्य पोसलें जाई, हें खरें. सत्ता टिकविण्याचेंच तें साधन होतें. तरी पीक बुडालें असतां त्याच कोठारांचा प्रजेला आधार असे.

१५३२ मध्यें पिझारोनें राजा अताहुआल्पास पकडलें आणि ही घडी विस्कटली. १५४५ मध्यें पोतोसी येथें रुप्याचा डोंगर सांपडला. खाणींत राबणाऱ्यांस अन्न हवें होतें. तें अन्न म्हणजे चुन्यो. सिएसा दे लिओन या स्पॅनिश शिपायाचा वृत्तांत १५५३ मध्यें सेव्हिल येथें छापला गेला. केवळ हा चुन्यो खाणींवर नेऊन विकल्यानें अनेक स्पॅनिश लोक धनवान होऊन मायदेशीं परतले, असें तो नमूद करतो. पुढें १५७० नंतरच्या दशकांत व्हाइसरॉय तोलेदो यानें सक्तीची पाळी घातली. दरवर्षीं सुमारें १३,००० माणसें गांवें सोडून खाणींकडे हांकलीं जात. ज्यांच्या आजोबांनीं दुष्काळासाठीं ही युक्ति काढली, त्यांच्याच नातवांना ती खाऊन परक्याचें रुपें खणावें लागलें. शाळेंतील इतिहासांत आम्ही मुलांना रुप्याचे आंकडे पाठ करावयास लावीत असूं. तें रुपें काय खाऊन खणलें गेलें, हा प्रश्न मला स्वतःलाही फार उशिरां सुचला.

पुढें बटाटा युरोपांत गेला आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला. आपला 'बटाटा' हा शब्द त्यांचाच. चुन्यो मात्र डोंगर उतरला नाहीं. बोलिव्हियाच्या बाजारांत काळ्या-पांढऱ्या गोट्यांसारख्या त्याच्या राशी आजही दिसतात. रात्रभर भिजवून रश्शांत घालतात. अलीकडे तेथील शेतकऱ्यांस एक नवीच चिंता लागली आहे. हिवाळे पूर्वींसारखे कडक राहिले नाहींत, हिंवाच्या रात्री बेभरंवशाच्या झाल्या आहेत. माळावर पसरलेला बटाटा गोठण्याची वाट पाहत कधीं कधीं तसाच पडून राहतो.