तळटीप : घोडीच्या अंगावरच्या गाठी
* कातडीखालची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. लिम्फोमाची, म्हणजे लसीकापेशींच्या कर्करोगाची असेल, तर मात्र तो बी-पेशींचा की टी-पेशींचा हे पाहावेच लागते. गाठीच्या पातळ कापावर प्रतिपिंडे लावून रंगवले, की सीडी३ हे प्रथिन असलेल्या टी-पेशी किंवा सीडी२० असलेल्या बी-पेशी तपकिरी उठून दिसतात. घोड्यांत नजर फसते ती इथेच : गर्दी असते लहान, निरुपद्रवी टी-पेशींची आणि खरा रोग त्यांच्यात विखुरलेल्या मोठ्या बी-पेशींत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या २०३ घोड्यांच्या अभ्यासात हाच प्रकार सर्वाधिक आढळला. यवतमाळ जिल्ह्यातल्या वरातीच्या घोडीवाल्यांना कळकळीची विनंती : गाठ डागू नका, पशुवैद्याकडून तुकडा काढवून, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तपासून घ्या. — संपा.