माळाची कमाई

सोलापूरचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा १८७७ च्या जुन्या मिलपासून सुरुवात करतो; फार मागे गेलाच तर सिद्धरामेश्वरांच्या तळ्यापर्यंत. नान्नज-मार्डीकडचा माळ त्यात कुठेच येत नाही. मी त्याच पट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. आमच्याकडे काळं रान थोडं, मुरमाड माळ जास्त, आणि सातबाऱ्यावर त्या माळाची नोंद ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. माझं म्हणणं असं, की गिरणीचा भोंगा वाजायच्या कितीतरी आधीपासून या मुलखाचा निम्मा संसार त्या पोटखराबावर चालत होता. फक्त त्याची कमाई दुसऱ्यांच्या नावावर जमा व्हायची.

ज्वारीचंच घ्या. मंगळवेढ्याची मालदांडी गाजली ती काळ्या जमिनीमुळे, हे खरंच. पण काळीनं दर साल द्यायचं तर तिला खत कुठून आणायचं? ज्वारी निघाली, कडब्याची गंज लागली, की आमच्या शिवारात धनगरांचे वाडे उतरायचे. घोड्यांवर बिऱ्हाड, मागं मेंढरं. वडील मेंढक्याशी बोलणी करायचे ती रात्रींच्या हिशेबानं: इतक्या रात्री बसवायच्या, इतकी ज्वारी घालायची.

“मालक, वरच्या अंगाला आधी बसवू का?”

“वरच्याच. खालचं रान वाहून आलेली माती खाऊन आधीच माजलंय.”

दिवसभर मेंढरं माळावर पवना, शेडा, मारवेल चरायची. दिवस मावळला की वाघूर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून त्यांना रानात कोंडायचं. सकाळी वाघूर उपटायची आणि रात्री शेजारच्या पट्ट्यात लावायची, असं करत सगळं रान पुरं व्हायचं. लेंड्या डोळ्यांना दिसतात, पण मातीत मुरलेलं मूतही तेवढ्याच मोलाचं. बसवलेल्या पट्ट्यातली ज्वारी पुढच्या हंगामात बांधावरून ओळखू यायची. म्हणजे माळावरचं गवत मेंढराच्या पोटातून काळ्या रानात येऊन पडत होतं. गाडीभाडं नाही, हमाली नाही.

त्याच मेंढरांच्या लोकरीची घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाड, राठ, बहुतेक काळी. मऊ शालीसाठी तिला कुणी विचारणार नाही. घोंगडीला मात्र तीच हवी. वर्षातून दोनदा कातरायची, धनगराच्या घरी सूत काढायचं आणि सनगरानं ते खड्ड्याच्या मागावर विणायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली ती चिकट लापशी सुतावर कुंच्यानं ओढली की सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. नवी घोंगडी अंगाला टोचते, भिजली की वास मारते. तरी पावसात राखणीला गेलेल्याच्या डोक्यावर तिच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नव्हतं. सोलापुरी चादरीचं कौतुक मलाही आहे, पण चादरीच्या सुतासाठी गिरणी लागली. घोंगडीला माळ पुरला.

आणि तरवड! त्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून उघड्या पडलेल्या माळावरही तो टिकतो. त्याची आणि बाभळीची साल घेऊन ढोर समाजातले कारागीर कातडी कमवायचे. त्या कातड्याची मोट व्हायची आणि त्या मोटेवर मळा भिजायचा. इंजिनं आली, मोट गेली. आता तरवडाची आठवण होते ती नवरात्रात, घटाला पिवळी फुलं हवी असतात तेव्हा.

यातलं काहीही सरकारदरबारी मोजलं गेलं नाही. माळाचं नाव झालं ते एका पक्ष्यामुळे. १९७२ च्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजला माळाचे काही तुकडे राखले गेले. चराई थांबली, गवत उठलं, गवताबरोबर नाकतोडे आणि भुंगेरे आले, आणि ते टिपायला माळढोक. १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं! गावंच्या गावं त्यात आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोकांनी राग काढला तो पाखरावर. पुढं क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळढोक म्हणजे कटकट हे डोक्यात पक्कं बसलं होतं. आज तो पक्षी दिसणं दुर्मीळ झालंय. काळवीट आणि लांडगे अजून आहेत.

आता नवी हौस निघालीय, वृक्षलागवडीची. मोहीम आली की पहिली नजर माळावर जाते, कारण तो ‘रिकामा’ दिसतो. वीतभर मातीखाली मुरूम. तिथं मोठं झाड खुरटतं. जगलंच तर त्याच्या सावलीत पवना मरतो, आणि काळविटाला पळायला लागणारं मोकळं रान जातं. साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या मुलखात गवत हेच माळाचं पीक आहे. तेच माती धरून ठेवतं, नाहीतर ती ओढ्यानं सरळ हिप्परग्याच्या तलावासारख्या तळ्यांत जाऊन बसते.

तेव्हा खड्डे घ्यायला येणाऱ्यांना विनंती आहे: झाडं जरूर लावा, पण गावठाणात, रस्त्याकडेला, ओढ्याकाठी लावा. माळावर कुदळ मारण्याआधी तिथल्या मेंढक्याला एकदा विचारा.