मार्गारेट विल्सनबाई : मुंबईतील एक विस्मृत शिक्षिका

मुंबईच्या गिरगाव चौपाटीसमोर उभे असलेले विल्सन महाविद्यालय आपल्या वाचकांस परिचित आहे. डॉ. जॉन विल्सन यांचे नावही एकोणिसाव्या शतकातील मुंबईच्या इतिहासात आदराने घेतले जाते. पण त्यांच्या पत्नी मार्गारेट यांचा उल्लेख झालाच, तर बहुधा एखाद्या तळटीपेत होतो. या बाई मुंबई इलाख्यात अवघी सहा वर्षे जगल्या. तेवढ्या अवधीत त्यांनी जे उभे केले, ते तळटीपेत मावणारे नाही.

मार्गारेट बेन यांचा जन्म १७९५ साली स्कॉटलंडमधील ग्रीनॉक या बंदरात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८२८ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी जॉन विल्सन यांच्याशी विवाह केला आणि त्याच महिन्यात दोघांनी मायभूमी सोडली. पतीहून त्या सुमारे नऊ वर्षांनी मोठ्या होत्या. १८२९ च्या फेब्रुवारीत हे दांपत्य मुंबईस उतरले आणि मराठी शिकण्यासाठी कोकणात, हर्णै-बाणकोटच्या बाजूला, गेले. मोल्सवर्थ यांचा विख्यात कोश अद्याप प्रसिद्ध व्हावयाचा होता. तो आला १८३१ मध्ये. तेव्हा पंडिताच्या तोंडून ऐकावे, टिपून घ्यावे आणि माणसांत बोलून पाहावे, हाच भाषा शिकण्याचा खरा मार्ग होता. बाईंनी तो पत्करला. आपण शिकवणार ते मुलींना त्यांच्याच भाषेत, हे त्यांनी आधीपासून ठरवलेले असावे, असे त्यांच्या पुढील कार्यावरून वाटते.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत परतल्यावर त्यांनी मुलींसाठी पहिली शाळा उघडली आणि लवकरच तिच्या जोडीला आणखी शाळा निघाल्या. मुंबईतील मुलींची ही पहिलीच शाळा नव्हे. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच तो आरंभ केला होता. परंतु मुलगी अक्षर शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत घरोघरी होती. शिक्षिका मिळणे अशक्यच, म्हणून पंतोजी नेमावे लागत. मुलीचे हात जरा वळणदार अक्षर काढू लागले की तिचे लग्न ठरे आणि ती शाळेतून नाहीशी होई. अशा स्थितीत पटावरील संख्या टिकवणे हेच केवढे काम! शिवाय जॉन विल्सन नाशिक, वेरूळ, गोवा, काठेवाड असे लांबचे दौरे करीत. त्या काळात शाळांचा व मिशनचा भार बाईंवर पडे. १८३१ साली पुत्र अँड्र्यू जन्मला; तोच पुढे ‘द अबोड ऑफ स्नो’ या हिमालयप्रवासाच्या ग्रंथाचा कर्ता म्हणून प्रसिद्ध झाला. पतीने १८३० मध्ये काढलेल्या ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ या मासिकासाठीही त्या लिहीत असत.

आपल्या परंपरेत धर्मगुरूला पत्नी नसते. मुलींचे शिक्षण आपल्याकडे धर्मभगिनींनी सांभाळले, आणि मुंबईत त्या आल्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणून पाळकाच्या पत्नीचे हे स्थान आपल्याला सहज उमगत नाही. तिला वेगळी दीक्षा नाही, पद नाही. काम मात्र पूर्ण मिशनरीचे.

एक प्रश्न टाळून चालणार नाही. या शाळांतून वाचनाबरोबर बायबलही शिकवले जाई आणि मुलींनी ख्रिस्ताला ओळखावे, ही बाईंची उघड इच्छा होती. पालकांना संशय येई तो निराधार नव्हता. धर्मस्वातंत्र्याविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये जे सांगितले, त्या कसोटीवर तो सारा काळच, आपली ख्रिस्तसभा धरून, तपासावा लागेल. पण म्हणून त्या मुलींच्या हाती आलेली अक्षरे खोटी ठरत नाहीत. ज्यांना कोणी शिकवीत नव्हते त्यांच्यासमोर ही परकी बाई मराठीत बोलत बसली, हे मला दोन्ही पक्षांच्या वादाहून महत्त्वाचे वाटते.

हवामान आणि श्रम यांनी त्यांची प्रकृती खालावली. १९ एप्रिल १८३५ रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. तीन वर्षांनी, १८३८ मध्ये, पतीने त्यांची पत्रे व रोजनिशी यांतील उतारे घेऊन त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. आज बाईंचा आवाज थोडाफार ऐकू येतो तो त्या ग्रंथातूनच. तो लिहिला गेला नसता तर बाईंविषयी आपल्याकडे फारसे काही उरले नसते. त्यांच्या काळच्या कितीतरी पाळकपत्नींचे असे काहीच उरलेले नाही.

शाळा मात्र बंद पडल्या नाहीत. १८३७ मध्ये मार्गारेटबाईंच्या दोन बहिणी, अ‍ॅना आणि हे बेन, मुंबईस आल्या आणि त्यांनी ते काम हाती घेतले. गावदेवीची मुलींची शाळा आपला उगम मार्गारेटबाईंच्या या कार्यापर्यंत नेते. तिला नाव आहे ते सहाव्या शतकात आयोना बेटावर मठ स्थापणाऱ्या संत कोलंबा यांचे. हे संत रोमन कॅथलिकांना आणि स्कॉटिश प्रॉटेस्टंटांना सारखेच वंद्य आहेत.