ओपोबोचा राजा जाजा व तहांतील वगळलेलें कलम

संस्थानें तरवारीइतकींच तहांतील शब्दांनींहि बुडालीं, हें सातारच्या इतिहासावरून वाचकांस विदित आहे. इ. स. १८१९ च्या तहानें राज्य पावलेले छत्रपति प्रतापसिंह महाराज १८३९ त पदच्युत होऊन काशीस गेले व १८४७ त तेथेंच निवर्तले. पश्चिम आफ्रिकेंतील एका राजाची हकीकत याच जातीची असून जुने कागद जमविणारांस ती विशेष बोधप्रद आहे.

जाजा हा ईग्बो लोकांतील. जन्म सुमारें १८२१ चा. बालपणींच तो गुलाम म्हणून नायजर नदीच्या मुखप्रदेशांतील बॉनी बंदरीं विकला गेला. तेथें व्यापार मोठ्या घराण्यांच्या हातीं असे व कर्तबगार दासासहि घराण्याचें प्रमुखपद मिळूं शके. १८६३ त तें जाजास मिळालें. १८६९ त प्रतिस्पर्धी घराण्याशीं युद्ध जुंपल्यावर त्यानें बॉनी सोडली आणि पूर्वेस इमो नदीच्या मुखाशीं ओपोबो वसविलें. विलायतेंत साबण, मेणबत्त्या व यंत्रांचें वंगण यांकरितां पामतेलास मोठी मागणी होती. आंतल्या बाजारांतून तें आणण्याची जलवाट जाजाच्या हातीं आल्यानें बॉनीचा व्यापार बसला. १८७३ त इंग्रजांनीं त्यास राजा म्हणून मान्य केलें.

१८८४ त कॉन्सल ह्यूएट यानें संरक्षणाचा तह पुढें केला. जाजानें सही करण्यापूर्वीं ‘संरक्षण’ या शब्दाचा अर्थ विचारला. राणीस त्याचा मुलूख किंवा बाजार घ्यावयाचे नाहींत, असें कॉन्सलनें पत्रानें कळविलें. मुक्त व्यापाराचें कलमहि त्याच्या तहांतून वगळण्यांत आलें.

पुढें तेलाचे भाव उतरले. इंग्रज व्यापारी परस्पर आंतल्या बाजारांत जाऊं पाहूं लागले. जाजानें त्यांस अडविलें. १८८७ त हंगामी कॉन्सल हॅरी जॉन्स्टन यानें सुखरूप परतण्याचें वचन देऊन त्यास भेटीस बोलाविलें, व शरण न आल्यास ओपोबोवर तोफा डागण्याचा धाक घातला. अक्रा येथें चौकशी होऊन त्याची सेंट व्हिन्सेंट बेटावर रवानगी झाली. १८९१ त परतण्याची परवानगी मिळाली. परंतु वाटेंत टेनेरीफ येथें त्याचा अंत झाला.

केवळ ‘संरक्षण’ हा शब्द धरला तर जाजा वचनभंग करणारा ठरतो. सोबतचें पत्र व वगळलेलें कलम पाहिलें तर वचनभंग दुसऱ्या पक्षाचा ठरतो. आमच्या अंकुशनगर-अंबड भागांत जुने रुमाल सोडतांना शिक्क्याची सनद जपली जाते आणि बिनशिक्क्याची पुरवणी चिठ्ठी वाळवीस मिळते. संग्राहकांनीं ती आधीं उचलावी. न्याय पुष्कळदां तिच्यांतच असतो.