बळ आणि दमसास : महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचा ऐतिहासिक आढावा
(गोंदिया जिल्ह्यातील भरतीपूर्व सरावाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
लांब पल्ल्याच्या, विशेषतः चढ-उताराच्या शर्यतीची तयारी करताना वजनाचे व्यायाम करावेत किंवा नाही, हा प्रश्न आधुनिक क्रीडाशास्त्राने निर्माण केला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वजन उचलल्याने अंग जड होऊन धाव मंदावते आणि फार धावल्याने कमावलेले बळ झडते, अशी समजूत मैदानावर आजही आढळते. बळ आणि दमसास यांची ही फारकत महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेत मुळापासून होती काय, याचा शोध प्रस्तुत लेखात घेण्यात आला आहे.

तालमीतील व्यायामपद्धती :
दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मल्लखांबाबरोबरच दंड, बैठका, मुद्गल, करेल आणि हौद्यातील माती खणणे हे तालमीचे प्रमुख व्यायाम होत. यांपैकी दंड-बैठका शेकड्यांनी काढल्या जात. एवढ्या आवर्तनांमुळे ताकदीबरोबर श्वासाचाही कस लागतो. याउलट जड करेल फिरवताना खांदे, पाठ व कंबर यांच्या बळाची परीक्षा होते. कुस्ती लांबली तर बळ असूनही दम तुटलेला मल्ल हरतो, हा अनुभव या रचनेमागे होता. तथापि ही पद्धती धावपटूंसाठी घडविलेली नव्हती. म्हणून तीत आधुनिक शास्त्राचे सर्व सिद्धान्त आधीच होते, असा दावा करणे इतिहासाला धरून होणार नाही.

पुढे अमरावती येथे 1914 मध्ये वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या परंपरेला विदर्भात संस्थात्मक रूप दिले. मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशामुळे हे ज्ञान ग्रंथबद्धही झाले.

1920 : मल्ल आणि धावपटू एकाच संघात :
पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना 1906 मध्ये झाली. संस्थेचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथील क्रीडामहोत्सवात अनवाणी धावणारे शेतकरी युवक पाहिले आणि त्यांच्या पुढाकारातून 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी सहा जणांचा संघ रवाना झाला. त्यात चार धावपटू आणि कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी 42.75 किलोमीटरची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटे 45 सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला, तर शिंदे यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले.

एकाच संस्थेच्या प्रयत्नांतून मल्ल आणि धावपटू एकत्र परदेशी गेले, ही घटना लक्षणीय आहे. पुढील काळात मात्र स्पर्धांचे प्रकार, प्रशिक्षक आणि मैदाने वेगळी होत गेली. तालीम कुस्तीची आणि ट्रॅक धावण्याचा, अशी वाटणी रूढ झाली व उपरोक्त समजुतीला बळकटी मिळाली.

शास्त्रीय संशोधनाचा कौल :
या समजुतीत काहीसे तथ्य असल्याचे रॉबर्ट हिक्सन यांच्या 1980 मधील दहा आठवड्यांच्या प्रयोगाने दाखविले. बळाचे व दमाचे भरगच्च व्यायाम एकत्र करणाऱ्या गटाची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली. परंतु अखेरच्या आठवड्यांत ती घटली. दमसास मात्र कमी झाला नाही. म्हणजेच हानी झाली ती बळाची, धावेची नव्हे. फिनलंडमधील लीना पावोलाइनेन व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये याची दुसरी बाजू पुढे आणली. एकूण सराव न वाढवता त्याचा सुमारे एक-तृतीयांश भाग उड्या व वेगवान बळाच्या व्यायामांना दिला असता नऊ आठवड्यांत धावपटूंची 5 किलोमीटरची वेळ सुधारली. त्यांची प्राणवायू ग्रहण करण्याची कमाल क्षमता वाढली नव्हती. त्याच वेगासाठी लागणारी ऊर्जा कमी झाली होती.

डोंगरवाटेवर याचे महत्त्व अधिक आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखतात. ते दुर्बल असल्यास दम शिल्लक असूनही पाय साथ देत नाहीत. 2012 पासून यवतेश्वर घाटात होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या स्पर्धांच्या तयारीतही चढाइतकाच उतार विचारात घ्यावा लागतो.

गोंदिया जिल्ह्याचा संदर्भ :
1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न छंदाचा नसून उपजीविकेचा आहे. राज्य राखीव पोलीस बलाच्या 2024 मधील भरतीत शारीरिक चाचणीच्या 100 गुणांपैकी 5 किलोमीटर धावण्यास 50, तर 100 मीटर धावणे व गोळाफेक यांस प्रत्येकी 25 गुण होते. पुरुषांसाठीच्या गोळ्याचे वजन 7.260 किलोग्रॅम असते. अर्थात केवळ पहाटे रस्त्यावर धावणारा उमेदवार गोळाफेकीत मागे पडतो. आणि भरती जाहीर झाल्यावर घाईने दोन्ही सराव वाढविणाऱ्याची ताकद ऐन चाचणीच्या वेळी घटण्याचा संभव असतो.

निष्कर्ष :
बळ आणि दमसास यांचा विरोध परंपरेतून आलेला नाही. तो स्पर्धांच्या विभागणीतून दृढ झाला. तालमीने दोहोंची सांगड अनुभवाने घातली, तर आधुनिक संशोधनाने तिचे प्रमाण दाखवून दिले. धावण्यात भर न घालता त्याचाच काही भाग बळाच्या व्यायामाला देणे, जड व्यायाम आणि दीर्घ धाव वेगवेगळ्या दिवशी ठेवणे आणि सरावाचा आरंभ वर्षाच्या सुरुवातीस करणे, हे त्याचे व्यावहारिक सार होय. त्यासाठी महागड्या व्यायामशाळेची गरज नाही. दंड, बैठका, मुद्गल आणि मैदान एवढ्यावर ग्रामीण महाविद्यालयालाही प्रारंभ करता येईल. शारीरिक शिक्षण विभागांनी ही जबाबदारी स्वीकारल्यास अनेक विद्यार्थ्यांचे कष्ट वाया जाणार नाहीत.