हाँगकाँगची ट्रॅम : रुळांत उरलेला किनारा

हाँगकाँगच्या ‘सेंट्रल’ या व्यापारी भागात बँकांच्या काचेच्या मनोऱ्यांखालून एक अरुंद, दुमजली ट्रॅम घंटा वाजवीत जाते. त्या नादावरूनच लोक तिला ‘डिंग डिंग’ म्हणतात. दृश्य मोहक आहेच. पण ‘जुने म्हणून रम्य’ एवढ्यावर आमचे समाधान होत नाही.

ही सेवा ३० जुलै १९०४ रोजी सुरू झाली; दुमजली गाड्या १९१२मध्ये आल्या. वर पहिला वर्ग, खाली तिसरा, दुसरा नव्हताच! वसाहतीच्या समाजरचनेचे इतके उघड रूपक कादंबरीकाराने योजले असते, तर आपण त्याला ढोबळ म्हटले असते. ही वर्गवारी १९७२पर्यंत टिकली.

मार्गही वाचण्याजोगा आहे. वान चाय भागात हेनेसी रोड सरळ जातो, ट्रॅम मात्र जॉन्स्टन रोडचा वळसा घेते. रूळ पडले तेव्हा समुद्र तेथवर होता. १९२०च्या दशकातील भरावाने तो दूर लोटला. किनाऱ्याचे वळण तेवढे रुळांत राहिले.

गाड्यांचे म्हणाल, तर बहुतेक डबे १९८०च्या दशकात जुन्याच घाटावर नव्याने बांधले गेले. यात आम्हांला फसवणूक दिसत नाही. पोथीही नकलांतूनच टिकते.

मुंबईत १८७४मध्ये घोड्यांची आणि १९०७मध्ये विजेची ट्रॅम आली. १९२०पासून दुमजलीही धावली. ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची गाडी बोरीबंदरहून दादरला गेली. ‘बेस्ट’मधला ‘टी’ मुळात ‘ट्रॅमवेज’चा होता, हे विद्यार्थ्यांना आता सांगावे लागते. आपल्याकडे तिची रम्यता ती गेल्यानंतरच सुचली.

हाँगकाँगमध्येही ही वेळ आली होती. भुयारी रेल्वे असताना ट्रॅम रस्ता अडवते, म्हणून सेंट्रल ते अ‍ॅडमिरल्टी हा टप्पा बंद करावा, असा प्रस्ताव २०१५मध्ये नगररचना मंडळापुढे आला. नागरिकांनी मोठ्या संख्येने विरोध नोंदवला आणि मंडळाने तो फेटाळला. विरोध केवळ स्मरणरंजनातून आला असेल, असे आम्हांला वाटत नाही. या गाडीत मागून चढायचे, पुढून उतरताना पैसे द्यायचे. एक थांबा जा की शेवटपर्यंत, भाडे तेच, आणि तेही शहरातल्या इतर वाहनांहून स्वस्त.