वळिवडे : अभयदानाचे एक पान

आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने आपल्या परंपरेत सांगितली आहेत. पहिल्या तिन्हींचा हिशेब ट्रस्टच्या वहीत मांडता येतो. अभयदानाचा येत नाही. त्याचे एक ठळक उदाहरण कोल्हापूरजवळच, वळिवडे येथे घडले.

१९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो माणसांना सैबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केले. १९४१ च्या करारानंतर सुटका झालेले लोक १९४२ मध्ये इराणला पोहोचले. त्यांपैकी सुमारे पाच हजार, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातील वळिवडे छावणीत आले. खर्चाचा भार मुख्यतः लंडनमधील परागंदा पोलिश सरकारने उचलला. जमीन आणि शेजार मात्र इथला होता.

त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळाने लक्षावधी माणसे मरत होती. परक्यांसाठी छावणी उभारू देणाऱ्या इंग्रज सरकारला आपल्या प्रजेच्या मुखी अन्न घालता आले नाही, ही विसंगती झाकून हा इतिहास लिहू नये. दोष अर्थातच त्या निराधार मायलेकरांचा नव्हता.

छावणीत केवळ अन्नछत्र नव्हते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या आणि स्वतःची चूल होती. शाळा, रुग्णालय, चर्च, बालवीर पथके होती. मुले आपल्याच भाषेत शिकत. आसपासचे विक्रेते दूध, फळे, भाजी घेऊन येत आणि त्यातून गावकऱ्यांच्याही हाती चार पैसे पडत. घेणारा लाचार झाला नाही आणि यजमान नुसताच भार वाहत राहिला नाही. मदतीची ही रीत मला अन्नधान्याच्या आकड्यांपेक्षा मोलाची वाटते. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली पोलिश मुलेही १९४६ मध्ये येथेच आली.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. पोलंड आता साम्यवादी सत्तेखाली गेला होता. काही परतले, पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेत स्थायिक झाले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावे स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे अभिवादन केले.

पोलिश कुटुंबांनी सोडलेल्या त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे राहावयास आली. रिकाम्या हाती आलेल्या त्या माणसांनी तेथे दुकाने थाटली. लग्नसराईत आपण कापडखरेदीला ज्या गांधीनगरच्या पेठेत जातो, ती हीच.